चौथा दिवस

"पांचाळ, प्लॅन उघडत नाहीयेत."

मुल्ला मॅडम पार्किंगपर्यंत चालत आल्या होत्या. सकाळचे आठ वाजले होते. मी स्कूटर स्टँडला लावत होतो आणि वैजू, माझी बायको, मागून उतरत होती.

"एकाचा, की सगळ्यांचे?" मी विचारलं.

"सगळ्यांचे. सदतीसच्या सदतीस. फायलींच्या नावापुढं काहीतरी भलतंच लागलंय. आणि स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर आलाय. पैसे मागतायत."

वैजूनं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "म्हणजे आज शेक नाही?" ती म्हणाली.

मुल्ला मॅडम तिच्याकडं न बघताच वळून चालायला लागल्या. त्यावरून मला कळलं की प्रकरण मोठं आहे.

मी सांगलीतल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात संगणक विभाग सांभाळत होतो. नाव लिहीत नाही. त्याआधी अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम केलं. मग आई आजारी पडली म्हणून परत आलो आणि इथं सर्व्हर, नेटवर्क, पासवर्ड, बॅकअप असं सगळं माझ्याच गळ्यात पडलं. हॉस्पिटलात मला कुणी इंजिनिअर म्हणत नसे. 'कॉम्प्युटरवाले' म्हणत.

त्या वर्षी वैजूला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. मी जिथं नोकरी करत होतो तिथंच ती रोज शेक घ्यायला येऊ लागली. रेडिएशनला आमच्याकडं सगळे शेकच म्हणतात. पंचवीस शेक ठरले होते, सोळा झाले होते. कुणाला किती, कुठल्या कोनातून, किती वेळ द्यायचा याचा आराखडा, म्हणजे प्लॅन, मुल्ला मॅडम करत. तो सर्व्हरवर असायचा आणि मशीन तो वाचून चालायचं. आराखडा नाही तर मशीन नुसतं उभं.

मी सर्व्हर रूममध्ये गेलो आणि आधी नेटवर्कच्या वायरी उपटल्या. पाच मिनिटांत लॅबमधून, केसपेपरच्या खिडकीवरून, मेडिकल स्टोअरमधून फोन सुरू झाले. मी कुणाचाच उचलला नाही.

कुणीतरी बाहेरून शिरून आमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं होतं. आदल्या दिवशी, दसऱ्याला, सुट्टी बघून. किल्ली हवी तर पैसे द्या. ट्रस्ट पैसे देणार नव्हता आणि मीही द्या म्हणालो नसतो. दिले तरी किल्ली मिळेल याची खात्री नसते.

बॅकअपच्या तीन डिस्क होत्या. नियम मीच केलेला: एक सर्व्हरला जोडलेली, दुसरी कपाटात, तिसरी रस्त्यापलीकडं नर्सिंग कॉलेजच्या इमारतीत. पहिल्या दोन उघडून बघितल्या. त्यांनाही कुलूप. तिसरी माझ्या टेबलाच्या खणात होती. तिला कुलूप नव्हतं.

"ती इथं कशी?" मुल्ला मॅडमनी विचारलं.

"परवा खंडेनवमीला पूजेसाठी आणली होती. परत न्यायची राहिली."

"नशीब," त्या म्हणाल्या.

खोटं नव्हतं. पूजा सगळ्यांनी बघितली होती. सर्व्हरला झेंडूची माळ, तिन्ही डिस्कांना हळदीकुंकू. मुल्ला मॅडमनी स्वतः पेढे वाटले होते.

दहा वाजता डॉक्टर निटव्यांनी बोलावलं. ते रेडिएशन विभागाचे प्रमुख. हळू बोलायचे, पण हातातलं पेन सारखं उघडायचे आणि मिटायचे.

"किती दिवस?"

"डिस्क बारा दिवसांपूर्वीची आहे," मी म्हणालो. "सदतीसही जणांचे आराखडे त्यात आहेत, कारण त्यानंतर नवीन कुणी सुरू झालेलं नाही. मधले शेक कागदी फायलींवरून भरता येतील. पण ही डिस्क आता जुन्या सर्व्हरला लावली तर हीही जाईल. आधी तिची नक्कल करतो. मग नवा सर्व्हर उभा करतो, कशालाही न जोडलेला."

"किती दिवस, ते सांगा."

"शुक्रवारी दुपारी."

पेन मिटलं. "पांचाळ, आपण थांबलो म्हणून गाठ थांबत नाही. काल सुट्टी झाली. आज बुधवार, उद्या गुरुवार. तीन दिवसांचं मी सांभाळून घेईन, पुढं वाढवून देता येईल. चौथा दिवस मला नको. कुणाच्याच बाबतीत नको." मग जरा थांबून म्हणाले, "वहिनींच्या बाबतीत तर नकोच. तुम्हाला रिपोर्ट माहीत आहे."

मला माहीत होता.

बाहेर बाकांवर रुग्ण बसून होते. त्यांना घरी जा म्हणून सांगितलं तरी निम्मे गेले नव्हते. कवठ्याहून, जतहून एसटी धरून आलेली माणसं. लगेच परत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. वैजू त्यांच्यातच बसली होती. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची, त्यामुळं कुठंही बसली की आजूबाजूला वर्ग भरल्यासारखं व्हायचं. तिच्या शेजारी खोतकाका. तानाजी खोत, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्या घशात गाठ होती. आवाज बसलेला, पण बोलणं काही थांबलेलं नव्हतं.

"काय ओ कॉम्प्युटरवाले," मला बघून ते म्हणाले, "गाडी बंद पडली व्हय?"

"पडली, काका."

"मग बॉनेट उघडून उभं राहायचं सोडून हिकडं काय फिरताय?"

सगळे हसले. वैजूही. मग तिनं पोटाशी हात धरला, कारण हसलं की तिला दुखायचं.

बुधवार नक्कल करण्यात गेला. गुरुवारी नवा सर्व्हर उभा केला. तो चालू होईस्तोवर मी जुन्या सर्व्हरच्या नोंदी वाचत बसलो, कोण कधी आलं आणि कुठून. शिरलेला माणूस एकोणीस दिवस आत होता. माझंच नाव वापरत होता, माझाच पासवर्ड. कुठल्यातरी खोट्या ईमेलवरून माझ्याकडूनच त्यानं तो काढून घेतला होता. लाज वाटली, पण हे होतं. या धंद्यात होतं.

पुढं दसऱ्याच्या नोंदी आल्या.

सकाळी दहा बारा: तिसरी डिस्क जोडली. दहा चौदा: माझ्या नावानं तिसऱ्या डिस्कवरची यादी उघडली. दहा एकोणीस: तिसरी डिस्क काढली. अकरा चाळीस: कुलूप घालायला सुरुवात.

डिस्क जोडणारा मीच. यादी उघडणारा मी नव्हतो.

माझे वडील सुतार. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, दिवसभर हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला सकाळी प्रत्येक हत्यार एकदा हातात घेऊन थोडं काम करायचं. रंधा फळीवरून एकदा तरी फिरवायचा, करवत एकदा तरी ओढायची. नुसतं पुजून ठेवलेलं हत्यार रुसतं, असं ते म्हणायचे. मी पुण्यात असतानाही दसऱ्याला कीबोर्डवर दोन ओळी लिहायचो. त्या सकाळी सुट्टी असून मी एकटा हॉस्पिटलात गेलो आणि तिन्ही डिस्क एकामागून एक सर्व्हरला जोडल्या. मुहूर्ताचं काम. प्रत्येकीवर एक छोटी फाईल लिहायची, एवढंच. तिसरी लावली असताना वैजूचा फोन आला. चक्कर येतेय, बाथरूममध्ये बसलेय. मी हाताला लागली ती डिस्क उपटली, खणात टाकली आणि पळालो. दुसरी तशीच जोडलेली राहिली.

म्हणजे त्या सात मिनिटांत कुणीतरी तिसऱ्या डिस्कवर होतं. त्याला तिथं वाचता येत होतं आणि लिहिताही येत होतं. आमच्या फायलींना तेव्हा काही सील वगैरे नसायचं, त्यामुळं एखादा आकडा बदलला असता तर मला कळलं नसतं. अशा टोळ्या आकडे बदलत बसत नाहीत, कुलूप घालतात आणि पैसे मागतात. हे मला माहीत होतं. हजारात नऊशे नव्याण्णव वेळा असंच होतं. पण एक आकडा इकडचा तिकडं झाला तर शेक गाठीऐवजी आतड्यावर पडतो, हेही मला माहीत होतं.

मी नोंदींची ती खिडकी बंद केली आणि कुणाला काही बोललो नाही.

घरी वैजूनं विचारलं, "जमतंय का?"

"उद्या दुपारी सुरू होईल."

"तोंड का असं केलंय मग?"

"झोप नाही."

शुक्रवारी अकरा वाजता सगळं उभं राहिलं. मुल्ला मॅडमनी मशीन आधी माणसाऐवजी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यावर चालवून बघितलं, बरोबर आलं. पाच रुग्णांच्या फायली काढून त्यांचे आकडे छापील कागदाशी ताडले. पाचही जुळले. त्या पाचांत वैजूची फाईल नव्हती.

"पास," मॅडम म्हणाल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

डॉक्टर निटव्यांनी घड्याळ बघितलं. "बाराला पहिला रुग्ण. संध्याकाळपर्यंत सगळे झाले पाहिजेत. आज चुकवायचा नाही."

पण बाहेर कुणी उठेना. दोन दिवस बाकांवर बसून माणसांनी आपापसात बोलून बोलून भलतंच काही करून ठेवलं होतं.

"मशीनमधी व्हायरस शिरलाय म्हणं," एक बाई म्हणाली. "अंगात आला म्हंजे?"

"अहो ताई, तो तसला व्हायरस नव्हे," वैजू सांगत होती.

"तसला नव्हं म्हंजे कसला?"

"आकड्यांचा."

"आकड्यांचा म्हंजे बरा व्हय?"

पहिला नंबर खोतकाकांचा होता. ते उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण काढलेलं, गळ्यावरची कातडी भाजून काळी पडलेली.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं गाडी चालवली. गाडी दुरुस्त झाली का, हे कधी डेपो मॅनेजरला विचारलं न्हाई. ज्यानं पाना फिरवला त्याला विचारलं." ते माझ्याकडं वळले. "पांचाळसाहेब, पाना तुम्ही फिरवलाय. तुम्ही सांगा. झोपू का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. डॉक्टर दारात उभे होते. मुल्ला मॅडम त्यांच्या मागं. वैजू बाकावर, मांडीवर हात ठेवून.

"झोपू का?" खोतकाकांनी परत विचारलं.

मी वैजूकडं बघितलं.

"पाच मिनिटं द्या," मी म्हणालो.

वैजूला मी खुणेनं बोलावलं. जिन्याखाली जिथं ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर ठेवायचे, तिथं आम्ही उभे राहिलो. मी तिला दसऱ्याच्या सकाळचं सगळं सांगितलं. मुहूर्त, तिचा फोन, ती सात मिनिटं. ती ऐकत होती. बोलणं फार नाही झालं, तीन-चार मिनिटं असेल. मग ती परत जाऊन तिच्या जागेवर बसली आणि मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"ही डिस्क दसऱ्याला सर्व्हरला जोडलेली होती," मी म्हणालो. "मीच जोडली होती. सात मिनिटं. तेवढ्यात त्या माणसानं ती उघडली होती. आत काय केलं, मला माहीत नाही."

डॉक्टर निटव्यांनी पेन मिटलं.

"का जोडलीत?"

"मुहूर्त म्हणून."

"काय म्हणून?"

मी परत सांगितलं. मुल्ला मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"कालपासून."

डॉक्टरांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. बाहेरच्या बाकांवर ऐकू गेला असणार. "काल सांगितलं असतंत तर आत्तापर्यंत तपासून झालं असतं! काल! तुम्हाला चौथा दिवस म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं होतं ना?"

"हो."

"तुमच्या स्वतःच्या बायकोचा दिवस आहे हा!"

"हो."

पेन टेबलावर आपटलं. मग ते मुल्ला मॅडमकडं वळले. "सगळे ताडायचे. पाच नाही, सदतीस. प्रत्येक पान. एक आकडा जरी चुकला तरी पूर्ण डिस्क बाद. तोवर आत कुणालाही घ्यायचं नाही."

"सर, एकेकाची वीस-बावीस पानं आहेत. संध्याकाळ उलटून जाईल."

"मग उद्या सकाळी सुरू करू."

चौथा दिवस असा पडला.

बाहेर येऊन डॉक्टरांनीच सगळ्यांना सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. पण मी पुढं होऊन म्हणालो, "चूक माझी आहे." मला वाटलं होतं, आता शिव्या बसतील. एकदोघांनी दिल्याही. खोतकाकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"कागद ताडायचेत न्हवं? माझा मी वाचणार," ते म्हणाले.

"काका, इंग्रजी आकडे आहेत," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

"चाळीस वर्षं किलोमीटर कसल्या आकड्यात वाचलं मी?"

मग तसंच झालं. ज्याला वाचता येत होतं तो आपली फाईल मांडीवर घेऊन बसला. ज्याला येत नव्हतं त्याची वैजूनं वाचली. एक जण कागदावरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा, मुल्ला मॅडम किंवा मी स्क्रीनवर बघून "आहे" म्हणायचो, आणि पेन्सिलनं खूण. एक पूर्णांक आठ. आहे. दोनशे चौदा. आहे. उणे तीन पूर्णांक पाच. आहे. प्रत्येक "आहे"च्या आधी मी आकडा दोनदा बघायचो. कुणीतरी बाहेरून चहा आणला. खोतकाकांचा आवाज अर्ध्यावर पूर्ण बसला, तरी ते फाईल सोडेनात. ओठ हलवायचे आणि वैजू शेजारून मोठ्यानं म्हणायची.

तिची स्वतःची फाईल तिनं सगळ्यात शेवटी घेतली. शाळेत हजेरी घेतल्यासारखी न अडखळता वाचली. बावीस पानं. मी "आहे, आहे" म्हणत गेलो. शेवटची खूण केली.

"जुळलं?" ती म्हणाली.

"जुळलं."

"सगळ्यांचं?"

"सदतीसांचं. एक आकडा इकडचा तिकडं नाही."

तिनं फाईल मिटली. "मग आजचा दिवस फुकटच गेला म्हणायचा," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

शनिवारी सकाळी आठला मशीन सुरू झालं. खोतकाका पहिले गेले. वैजूचा नंबर बाविसावा होता, ती बाविसावीच गेली. रविवारीही मशीन चालू ठेवलं. राहिलेले शेक पूर्ण झाले, डॉक्टरांनी जमेल तेवढं वाढवून दिलं.

माझी नोकरी गेली नाही. उलट पुढं एक वेगळंच झालं. डॉक्टर निटव्यांनी एका परिषदेत हा प्रसंग सांगितला, आणि मग मला दुसऱ्या हॉस्पिटलांतून, कॉलेजांतून बोलावणी यायला लागली. सुरक्षा कशी ठेवायची, बॅकअप कुठं ठेवायचा, वगैरे. शेवटी मी ही गोष्ट सांगायचो. चूक झाली तर लगेच सांगा, लपवू नका, कुणाची बायको मशीनखाली असली तरी सांगा. लोक टाळ्या वाजवायचे. एकदा सोलापुरात एका पोरीनं उठून विचारलं, "सर, तेवढं धाडस तुम्हाला कुठून आलं?" मी म्हणालो, पाच मिनिटं विचार केला. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. वैजू पहिल्या रांगेत बसली होती. घरी येताना गाडीत ती त्यावर काही बोलली नाही. कधीच बोलली नाही.

सहा वर्षांनी गाठ परत आली. त्याच जागी.

मी डॉक्टर निटव्यांना विचारलं, त्या चौथ्या दिवसामुळं का? ते तेव्हा निवृत्तीला आले होते. म्हणाले, "पांचाळ, एका दिवसाचं वजन किती, ते मला मोजता येत नाही. कुणालाच येत नाही. काही जणांना आठ दिवसांचा खंड पडूनही काही होत नाही." मग पेन उघडलं, मिटलं. "तुम्ही त्या दिवशी बरोबर केलंत. एवढं धरून चला."

वैजू मागच्या माघात गेली. एकवीस महिने झगडली.

पाचव्या दिवशी खोतकाका आले. सत्त्याहत्तर वर्षांचे, काठी टेकत, नातवाच्या रिक्षातून. घशाला कायमचं भोक ठेवलंय, त्यावर बोट दाबून बोलतात. घरात माझा मेव्हणा होता, शेजारची दोन माणसं होती. काका सतरंजीवर बसले आणि माझ्याकडं बोट करून त्यांना सांगायला लागले.

"हा माणूस... त्या दिवशी खरं बोलला. स्वतःची बायको रांगेत. गप बसला असता तर कुणाला कळलं असतं? मी हुतो पहिला. आधी माझा जीव. ह्यानं माझ्यासाठी तिचा दिवस घालवला." त्यांना दम लागला. "असा माणूस मी बघितला न्हाई."

मेव्हण्यानं मान हलवली. हे सगळं त्यानं आधीही ऐकलं होतं, माझ्याच तोंडून.

मी म्हणालो, "काका, तसं नाही झालं."

"काय न्हाई झालं?"

"जिन्याखाली मी तिला नुसतं सांगायला नेलं नव्हतं. मी तिला म्हणालो, तू आज चक्कर येतेय म्हणून सांग आणि घरी जा. आज झोपू नकोस. बाकीचे जाऊ देत, काय होतंय ते बघू. उद्यापर्यंत तुझी फाईल मी गुपचूप ताडून ठेवतो."

खोतकाकांचं बोट गळ्याजवळ तसंच राहिलं.

"तिचा चौथा दिवस मी तसाही घालवणारच होतो," मी म्हणालो. "फक्त तिचा. तुम्हाला मी आत पाठवणार होतो."

त्यांनी भोकावर बोट दाबलं.

"मग?"

"तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आणि खोतकाका?'"

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"नाव घेऊन म्हणाली?"

"नाव घेऊन म्हणाली. दुसरं काही बोलली नाही. वळली आणि तुमच्या शेजारी जाऊन बसली."